रात्रीची शर्यत आणि पाऊस : पहिल्यांदा बघताना
फॉर्म्युला वनची सिंगापूरची कार शर्यत पहिल्यांदाच बघताय आणि तिथे पावसाचा अंदाज आहे? मग चुकवूच नका. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पुण्यातले संध्याकाळचे साडेपाच. पण 2022 मध्ये पावसामुळे सुरुवातच तासाभराहून जास्त लांबली होती, तेव्हा जेवण टीव्हीसमोरच होईल असं धरून चाला.

सुरुवातीला फक्त टायरवरचा रंग ओळखा. हिरवा इंटरमीडिएट, म्हणजे ओल्या रस्त्यासाठी. निळा भर पावसासाठी. टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या आकड्यांनुसार ताशी 300 किमी वेगाला निळा टायर सेकंदाला 85 लिटर पाणी बाहेर फेकतो, हिरवा 30. हेच पाणी मागच्या ड्रायव्हरसमोर तुषारांची भिंत होऊन उभं राहतं आणि दिव्यांच्या प्रकाशात ती पांढरी दिसते. म्हणून निळ्या टायरइतका पाऊस आला की बरेचदा शर्यतच थांबवतात.

नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात:

- पाऊस थांबला की लगेच कोरडे टायर, म्हणजे कोरड्या रस्त्यासाठीचे, लागतील असं वाटतं. रात्री ऊन नाही, हवा दमट. सुकते ती फक्त गाड्यांच्या वाटेची अरुंद पट्टी. तिच्याबाहेर रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे तर फारच निसरडे. कर्वे रस्त्यावर झेब्रा पट्ट्यावर दुचाकी सटकते ना, अगदी तसे. 2022 मध्ये ड्रायव्हर जॉर्ज रसेलनं घाईनं कोरडे टायर घेतले आणि बराच वेळ घसरत राहिला.
- फेऱ्याच मोजत बसतात. घड्याळही बघा, दोन तासांची मर्यादा असते. 2017 मध्ये म्हणूनच 61 पैकी 58 फेऱ्यांवरच शर्यत संपल्याचा झेंडा पडला.