स्कॅनर घेण्याआधी कागद बघा

प्रश्न : घरात आजोबांच्या काळातले फोटो, थोडी मोडी पत्रं, शिवलेल्या बांधणीच्या हिशेबाच्या वह्या आणि डबाभर निगेटिव्ह आहेत. दर पावसाळ्यात काही ना काही बुरशीला जातं, म्हणून सगळं स्कॅन करून ठेवायचंय. बजेट आठ हजार. दुकानदार म्हणतो, जास्त डीपीआयचा घ्या. कोणता घेऊ?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके टिपतं तो आकडा. तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे दुकानदाराला तोच विकायला सोपा. तुमच्या फोटोंना ६००च्या वर काही लागत नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० वर घेतला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. दुप्पट मापाचा छापलात तरी फुटणार नाही. तोच १२०० वर घ्या, फाइल चौपट होईल आणि जास्तीचे दिसतील ते कागदाचे तंतू अन् धूळ.

म्हणून मी कॅननचा लाइड ३०० सुचवेन. तो २४०० डीपीआयपर्यंत जातो आणि वीज यूएसबीच्या वायरीतूनच घेतो. म्हणजे लाइट गेले तरी लॅपटॉपवर काम चालू. कोकणात ही सोय लहान नाही. लाइड ४०० किंवा एप्सनचा व्ही ३९ बजेटात बसला तर खुशाल घ्या, पण केवळ त्यांच्या ४८०० डीपीआयच्या आकड्यासाठी खिसा हलका करू नका.

हे सगळे सीआयएस जातीचे स्कॅनर. यांत आरसे नसतात. सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते. म्हणूनच ते पातळ आणि स्वस्त. पण काचेपासून थोडं जरी उचललेलं असेल तर धूसर येतं. तुमच्या वह्यांच्या शिवणीजवळच्या ओळी हमखास अशा येतील, आणि त्या सपाट करायला वही दाबलीत तर बांधणी तुटेल. वह्यांना स्कॅनर नकोच. खिडकीच्या उजेडात वही ठेवा, फोन पानाला समांतर धरून वरून फोटो काढा. स्कॅनरच्या सल्ल्यात फोन सांगतोय, पण वही महत्त्वाची.

निगेटिव्हला मागून उजेड लागतो, तो या यंत्रांत नाही. झाकणात दिवा असलेला एप्सनचा व्ही ६०० तुमच्या बजेटच्या कितीतरी वर जातो. डबाभर निगेटिव्हसाठी तो घेणं मला पटत नाही. फोनचा स्क्रीन पूर्ण पांढरा करून त्यावर एकेक पट्टी धरून बघा. ज्यांचे प्रिंट घरात नाहीत तेवढ्याच बाजूला काढा आणि लॅबला द्या. बहुतेकांचे प्रिंट कुठल्यातरी अल्बममध्ये सापडतात.

मोडी पत्रं मात्र जपून. ती रंगीत मोडवर ४०० डीपीआयला घ्या. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलंत की यंत्र ठिपका एकतर काळा मानतं नाहीतर पांढरा. ओलीचा डाग आणि अक्षर एकच होऊन जातं. रंगात घेतलं तर तपकिरी डाग पुढे फिका करता येतो, काळी शाई राहते. मोडी वाचून देणाऱ्याला हीच फाइल पाठवा.

मी स्टुडिओवाला माणूस, म्हणून एक जास्तीचं सांगतो. जुने काही फोटो खरखरीत, जाळीदार ‘सिल्क’ कागदावर असतात. स्कॅन केले की चेहऱ्यावर बारीक चमचमते ठिपके येतात. असा फोटो एकदा सरळ घ्या, मग काचेवर डोकं खाली येईल असा फिरवून पुन्हा घ्या. दुसरी फाइल कॉम्प्युटरवर सरळ करून पहिलीवर बसवा आणि पन्नास टक्के पारदर्शक ठेवा. प्रकाश दोन विरुद्ध बाजूंनी पडल्यासारखा होतो, जाळी बरीच विरते. गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे होतं.

बुरशी लागलेला फोटो थेट काचेवर ठेवू नका. आधी घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने हलकेच झटका. आणि काचेवर कधीही थेट फवारा मारू नका, कडेतून पाणी आत उतरतं. फडकं जरासं ओलं करून पुसा.

प्रश्न : घरी ऑल-इन-वन प्रिंटर आहे. तरी वेगळा स्कॅनर लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधार, सातबारा, मार्कशीट यांसाठी मुळीच नाही. फोटोंसाठी आधी एकच फोटो ६०० वर, आपोआप रंगसुधारणा बंद करून घेऊन बघा. समाधान झालं तर पैसे वाचले. फक्त काही यंत्रं शाई संपली की स्कॅनही नाकारतात. आपलं तसं आहे का, तपासा.

प्रश्न : ओळखीचे एक जण जुना स्कॅनर दीड हजारात देताहेत. घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, आहे का ते पाहा. बऱ्याच जुन्या मॉडेलांचे ६४ बिटचे, म्हणजे आजच्या विंडोजला लागणारे, ड्रायव्हर कधी आलेच नाहीत. व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर त्यांतल्या अनेकांना चालवतं, पण ते विकत घ्यावं लागतं. ती रक्कम दीड हजारात मिळवून हिशेब करा. शिवाय समोर बसून कोरा पांढरा कागद स्कॅन करायला लावा. वरून खाली सरळ रेघ उमटली तर आधी काच पुसून पाहा. तरीही राहिली तर नमस्कार करून निघा.