'शाफ्ट'च्या थीममधला गिटारचा 'वाका-चिका' आवाज कसा काढायचा?

वा-वा पेडल (पायाने गिटारचा आवाज उघडणारं-मिटवणारं यंत्र) घेतलं, तरी 'वाका-चिका' न येता नुसतं 'वाऽऊ-वाऽऊ' येतं, असं तुम्ही लिहिलंय. पेडल बदलू नका. स्वर दाबून धरला जातोय, म्हणून पेडलचा अख्खा हेलकावा ऐकू येतो. पेडल पायाखाली असलं तरी करामत डाव्या हाताची आहे.

आधी ड्रम ऐका. १९७१ च्या 'शाफ्ट' या चित्रपटाच्या सुरुवातीला डिटेक्टिव्ह जॉन शाफ्ट भुयारी रेल्वेतून वर येतो आणि टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीतून चालू लागतो. त्या चालीखाली ड्रमर विली हॉलचा हाय-हॅट (झांजांची जोडी) वाजत असतो: एका ठोक्यात चार, म्हणजे आपली चौगुन, जराही न थांबता. तुमचं उजवं मनगट त्याच चौगुनीत खाली-वर हलत राहिलं पाहिजे, तार वाजो न वाजो.

गिटारवादक चार्ल्स 'स्किप' पिट्स सुरुवातीला जी हा एकच स्वर दोन सप्तकांत वाजवतो. सोपी जागा सांगतो: चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट तर्जनीने, दुसरीवर आठवा करंगळीने. मधली तिसरी तार आणि खालची पहिली तर्जनी आडवी टेकवून बंद करा, पाचवीला तर्जनीचं टोक लागू द्या. आता बोटं क्षणभर दाबा, लगेच सैल सोडा, पण तारांवरून उचलू नका. दाबली की 'वा', सैल सोडली की 'चिक'. बंद तारेच्या खरखरीत उंच-खालच्या सगळ्याच पट्ट्यांचा आवाज मिसळलेला असतो, म्हणून पेडल तिलाही 'चि' आणि 'का' असे वेगळे रंग देतं. 'चिक'ऐवजी घंटीसारखं टिंग येत असेल तर एकच बोट टेकलंय, दुसरंही टेकवा.

पाय मात्र सावकाश. हात चार वेळा, पाय एकदा: ठोक्यावर पंजा खाली, अर्ध्या ठोक्यावर टाच. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) पूर्ण बंद ठेवा, नाहीतर 'चिक' फुगून स्वराइतकंच मोठं होतं. पिक पातळ, ०.६ मिमीच्या आसपास. पेडल हलवताना करकरलं तर आतल्या पॉटवर (फिरत्या नियंत्रकावर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

मेट्रोनोम मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा आणि पाच-पाचने वाढवत सुमारे १२० पर्यंत जा. सोबतीला 'शाफ्ट'चा अल्बमच घ्या. चित्रपटातलं संगीत एमजीएम या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं आणि अल्बमसाठी संगीतकार आयझॅक हेजने ते मेम्फिसला स्टॅक्स या स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलं, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. अल्बमवर गाणारा आवाज अडीच मिनिटं उलटून गेल्यावर येतो. ज्या गाण्यात निम्म्याहून जास्त वेळ शब्दच नाहीत, त्याला १९७२ मध्ये सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळालं, इतकी ताकद त्या वाद्यमेळात आहे! सरावाला तेवढीच अडीच मिनिटं घ्या. मनगट आखडलं तर वेग १० ने उतरवा. आखडलेल्या हाताने 'चिक' सगळ्यात आधी हरवतं.