माणसाळलेला नर आणि रिकामी अंडी

तुझा बजरीगर (छोटा पाळीव पोपट) नर तुलाच भरवायला बघतो, म्हणजे त्याने जोडीदार तुलाच मानलंय. काही आठवडे त्याला हातावर घेऊ नकोस, मादीसोबत राहू दे.

अंड्यांतून पिल्लं निघत नसतील तर आधी बसायची काठी बघ. ती हलली की मीलन नीट होत नाही. सातव्या दिवशी अंडं टॉर्चसमोर धर; लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. रिकामी अंडी मात्र लगेच काढू नकोस. मादी पुन्हा घालत सुटते, कॅल्शियम संपतं, अंडं पोटात अडकतं आणि बिचारी जाते. कॅल्शियमसाठी आपल्या कोकण किनाऱ्यावर माकुलाचं हाड, म्हणजे समुद्रफेन, फुकट सापडतं. गोड्या पाण्यात भिजवून, उन्हात कडक वाळवून पिंजऱ्यात टांग. पावसाळ्यात अंडी घालायची पेटी लावूच नकोस, कोकणातल्या दमट हवेत राळ्याला, म्हणजे त्यांच्या दाण्याला, बुरशी धरते.