कोल्हापुरात आमच्या वस्तीतली हवा मोजायला दोन-तीन हजारांचा सेन्सर लावला तर काही उपयोग होईल का?

होईल. पण आकडा दाखवून कुणाशी भांडायला नाही. धूर कधी येतो ते हा सेन्सर चोख सांगतो, किती येतो ते अंदाजानं.

मी टीव्ही दुरुस्तीतला माणूस. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाजवळच्या आमच्या गल्लीत दोन हिवाळ्यांमागं एसडीएस 011 हा धूळ मोजायचा सेन्सर बसवला. सोबत नोडएमसीयूचा वायफाय बोर्ड आणि मोबाईलचा जुना चार्जर. आतला पंखा हवा ओढतो, लेझरचा उजेड धुळीवर पडून विखुरतो, त्यावरून पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजले जातात.

आमची सगळ्यांची खात्री होती, धूर मागच्या भट्ट्यांचा. आठवडाभराचा आलेख काढला तर रेष रोज पहाटे साडेपाचला चढायची आणि साडेसातला उतरायची. त्या वेळी कुठलं शटर उघडं असतंय? मग लक्षात आलं, बंब! गल्लीत आंघोळीचं पाणी तापवायचे आठ-दहा बंब, आणि लाकूड लवकर पेटावं म्हणून त्यात दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला. थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत दबून राहते, त्यानंही आकडा फुगतो हे खरं. पण रविवारी बंब उशिरा पेटायचे आणि रेषही उशिराच चढायची. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आता मशीन लावून आमचं गरम पाणी बंद करतोस व्हय रं?" काय बोलणार? आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं सगळ्यांना परवडत नाही. पिशव्या टाकायचं मात्र तीन-चार घरांनी सोडलं. (भट्ट्या सुटल्या असं नाही, दुपारचा उंचवटा आहेच.)

कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे. पण हाताने चालवायच्या सरकारी केंद्रांवर आठवड्यातून दोनच दिवस मापन होतं, तेही चोवीस तासांची सरासरी. पहाटेचे दोन तास त्यात विरघळून जातात. म्हणून आपला हा सेन्सरचा डबा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. 70 टक्क्यांच्या वर दमट हवा झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर त्यालाच धूळ समजतो. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावा आणि असले तास आलेखातून काढून टाका. पीएम 2.5 ची चोवीस तासांच्या सरासरीची आपल्या देशातली मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. तुमचा आकडा 70 आला म्हणून लगेच निवेदन घेऊन पळू नका.

लेझरचं आयुष्य साधारण 8000 तास, म्हणजे सतत चालवला तर वर्षही पुरत नाही. पाच मिनिटांतून अर्धा मिनिट चालू ठेवा. डब्याचं तोंड खाली ठेवून जाळी लावा, आमच्यात कोळ्यानं घर केलं होतं. एमक्यू 135 हा वायूंचा सेन्सर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. धूर, अमोनिया, दारूची वाफ, त्याला सगळं सारखंच.

आणि प्लगवर चिठ्ठी चिकटवा. आमचा डबा एकदा आठवडाभर बंद होता. कुणीतरी तिथं मोबाईल चार्जिंगला लावला होता.