‘याला नक्की कशाची ॲलर्जी आहे, तेवढं सांगा!’

सतत खाजवणारं कुत्रं घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची तक्रार एकच असते. औषध चालू आहे तोवर बरं, बंद केलं की पुन्हा खाज. मग याला ॲलर्जी आहे तरी कशाची? ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाची हकिकत सांगते. अशा खाजेचं कारण कसं शोधतात, ते तिच्यात बरंचसं आलं आहे.

नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरी सासूबाई आणि तीन वर्षांचा लॅब्राडॉर, शेरू. दीड वर्षाचा असताना त्याची खाज सुरू झाली. ताईंनी टेबलावर ठेवलेल्या फाइलमध्ये स्टिरॉइडच्या इंजेक्शनांच्या नोंदी होत्या, बदलून पाहिलेल्या खाण्यांची यादी होती आणि रक्ताच्या ॲलर्जी तपासणीचा रिपोर्ट होता. त्यात चिकन, अंडं, भात, गहू, सगळ्यांपुढे ‘पॉझिटिव्ह’. "आता याला खायला घालू तरी काय?" असं विचारताना त्यांचा आवाज भरून आला.

तो रिपोर्ट मी आधी बाजूला ठेवायला सांगितला. खाण्याची ॲलर्जी ओळखायला रक्ततपासणी भरवशाची नाही. धडधाकट कुत्र्यांतही ती पॉझिटिव्ह येते. धूळ-परागांसाठीच्या तपासणीचा उपयोग आहे, पण तो निदान झाल्यानंतर, ॲलर्जीची लस बनवताना. एवढे पैसे घालवून घरातल्यांच्या हाती भीतीच येते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग प्रश्न. खाज नेमकी कुठे? बारा महिने की पावसाळ्यात जास्त? घरात कुणाच्या अंगावर पुरळ उठतंय का? हा शेवटचा प्रश्न खरजेसाठी. खरजेत कानांच्या कडा आणि कोपरं जास्त खाजतात, आणि त्वचा खरवडून तपासली तरी किडे दर वेळी सापडत नाहीत. शेरूचे कान स्वच्छ होते. पण शेपटीच्या बुडाशी केस तुटून विरळ झालेले, पंजे चाटून चाटून तांबूस झालेले आणि बोटांच्या बेचक्यांत आंबूस वास.

मी बारीक दातांचा कंगवा पाठीवरून शेपटीपर्यंत फिरवला. काळे कण आले. ताई म्हणाल्या, "खालच्या बागेतली माती असेल." मी ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले. थोड्या वेळात प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचं वर्तुळ पसरलं. माती अशी विरघळत नाही. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त.

"पण आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो! आणि एकही पिसू कधी दिसली नाही."

हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि त्यामागची शरमही ओळखते. म्हणून स्पष्ट सांगते, घरात पिसवा असणं म्हणजे घर अस्वच्छ असणं नव्हे. पार्किंग, लिफ्ट, बाग, कुठूनही त्या येतात. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, ते त्या चावून-चाटून गिळून टाकतं, म्हणून दिसत नाहीत. त्याला थोडेसे दंशही पुरतात. शिवाय अंगावर दिसतात त्या जेमतेम 5 टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गाद्यांत, सोफ्याच्या फटींत. कोश महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून औषध किमान तीन महिने, एकही महिना न चुकवता, घरातल्या प्रत्येक प्राण्याला. (कुत्र्याला कधी फिट आली असेल तर पिसवांची गोळी देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन हे पिसवांचं औषध तिच्याजवळ नेऊ नका, ते तिच्या जिवावर बेततं.)

पंजाला चिकटपट्टी लावून ती मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टची, म्हणजे एका बुरशीची, गर्दी. ठाण्याच्या दमट हवेत हे नेहमीचंच. त्यावर औषधी शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून.

इथे मी त्यांना एक गोष्ट समजावली. खाजेची कारणं एकमेकांत मिळत जातात. पिसवा थोड्या, यीस्ट थोडं, खाली मूळ ॲलर्जी, आणि बेरीज सहनशक्तीपलीकडे गेली की कुत्रं रात्रभर खाजवतं. म्हणून एकेक वजा करत जायचं. ताईंनी रोज 0 ते 10 मध्ये खाजेचा आकडा कालनिर्णयवर लिहायचा, असं ठरलं.

आठाचा चार झाला, पण तिथेच अडला. मग खाण्याची चाचणी. आठ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर ती सहसा ओळखत नाही. बाकी काहीही नाही. मांसाच्या चवीची पिसवांची गोळीही नाही, तिच्याऐवजी मानेवर टाकायचं औषध.

चाचणी फसते ती बहुधा प्रेमापोटी. आजी शेरूला रोज जेवणातला शेवटचा दूध-पोळीचा घास द्यायच्या. सून अडवायची, घरात धुसफूस. मी आजींनाच बोलावलं. "एवढ्याशा घासानं काय होतंय?" त्यांनी विचारलं. "आजी, त्या घासानंच आठ आठवड्यांची मेहनत वाया जाईल," मी म्हटलं, आणि शेरूच्या रोजच्या मापातले मूठभर दाणे वेगळ्या डब्यात काढून तो डबा त्यांच्या ताब्यात दिला. त्याला हातानं भरवणं त्यांना हवं होतं, आणि ते तसंच राहिलं. पुढचे आठ आठवडे सर्वांत कडक पहारा आजींचाच होता.

आकडा चारच राहिला. मग जुनं खाणं पुन्हा सुरू केलं. दोन आठवड्यांत खाज वाढली नाही. म्हणजे खाणं निर्दोष. उरली ती ॲटॉपी, धुळीतले सूक्ष्म कीटक आणि परागांसारख्या गोष्टींची जन्मजात कल असलेली ॲलर्जी. ती बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयातच डोकं वर काढते.

"म्हणजे आयुष्यभर?" नवऱ्यानं विचारलं.

हो, आयुष्यभर. हे मी गुळमुळीत सांगत नाही. बरी होत नाही, पण ताब्यात राहते. खाज आटोक्यात ठेवणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या आहेत, त्याचसाठी लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन आहे, ॲलर्जीची लस आहे. प्रत्येकाचा खर्च आणि मर्यादा कागदावर लिहून दिल्या. (स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं एकदम बंद करू नका.) त्यांनी इंजेक्शन निवडलं. सोबत फिरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करणं, पावसाळ्यात दर आठवड्याला शाम्पू आणि वेळच्या वेळी पिसवांची गोळी.

गणपतीत आकडा अचानक सातवर गेला, तेव्हा ताईंचा फोन आला. नवीन औषध त्यांनी मागितलं नाही. म्हणाल्या, "कंगव्यात काळं आलंय, कापसावर लाल झालं. गडबडीत गोळीची तारीख हुकली. आज देऊ ना?"

"द्या," मी म्हटलं, "आणि गाद्यांची खोळं आजच गरम पाण्यात टाका."