फोररनरने कॅम्पर ओढताना चढावर गिअरबॉक्सचं तापमान २४५ अंशांवर जातं. कूलर बसवावा का?

तुमची परिस्थिती अशी: २०१९ची टोयोटा फोररनर, ४.० लिटरचं व्ही-६ इंजिन, मागे ४,००० पौंडांचा कॅम्पर. लॉस एंजेलिसहून आय-१५ हायवेने झायन नॅशनल पार्कला जाताना बेकर गाव सोडल्यावरच्या चढात स्कॅनरवर २४५ अंश फॅरनहाइट दिसलं. गिअर पूर्ण वेळ 'डी'मध्ये.

कूलरचं नंतर बोलू. आधी तो आकडा नेमका कुठल्या तेलाचा होता ते पाहा. या गिअरबॉक्समध्ये तेलाचं तापमान दोन ठिकाणी मोजलं जातं: एक खालच्या पॅनमधलं, दुसरं टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) बाहेर पडणारं. कन्व्हर्टरचा आकडा चढ लागला की मिनिटभरात तीस-चाळीस अंश वर उडी मारतो आणि आतला लॉक (लॉक-अप क्लच) लागला की तसाच पटकन उतरतो. पॅनचा आकडा सावकाश चढतो आणि उतरायलाही वेळ घेतो. कन्व्हर्टरवर चार-पाच मिनिटं २४५ दिसलं तर घाबरू नका. पॅनमध्येच २४५ असेल तर मात्र तेल भाजायला लागलंय असं समजा. पॅनमध्ये १७५ ते २०० हे रोजचं. ओढताना २२० पर्यंत चालतं. २३० ओलांडलं की चालवण्यात काहीतरी बदला, आणि २५० दिसलं की जागा बघून बाजूला घ्या. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या साध्या ओबीडी ॲपमध्ये हे आकडे आपोआप येत नाहीत, टोयोटाचे खास कोड भरावे लागतात. बरेच जण कूलंटचं तापमानच गिअरबॉक्सचं समजून बघत बसतात, तेही एकदा तपासा.

उष्णता येते कुठून? गिअरच्या दात्यांतून फारशी नाही. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात फरक पडला की तेवढी ताकद तेलातच जिरते. चढावर इंजिन १५० अश्वशक्ती देतंय आणि त्यातली १५ टक्के घसरणीत गेली, तर ती जवळपास १७ किलोवॉट होते. घरातले दोन किलोवॉटचे आठ गीझर एकाच वेळी त्या तेलात सोडल्यासारखं. आतला लॉक-अप क्लच लागला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि हे गीझर बंद होतात.

म्हणून तुमचा खरा घोटाळा 'डी'मध्ये आहे. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, गुणोत्तर ०.७१६. चढावर तो वजन पेलत नाही, लॉक सुटतो, चौथा पडतो, जरा वेग आला की पुन्हा पाचवा. ही ये-जा म्हणजेच उष्णता. दांडा 'एस'मध्ये (वरचा गिअर आपण ठरवायचा तो मोड) घ्या आणि ट्रेलर मागे असेपर्यंत सपाटीलाही ४ च्या वर जाऊ देऊ नका. या गाडीत चौथा गिअर १:१ आहे, म्हणून ५५ मैलांना सुमारे २,३०० आरपीएम पडतात. त्याच वेगाला तिसऱ्यात साधारण ३,२००. आवाज वाढतो, शेजारी बसलेली व्यक्ती विचारते 'काही बिघडलं का', पण हे इंजिन सर्वात जास्त टॉर्क ४,४०० आरपीएमला देतं. ३,२०० त्याला काहीच नाही. खालच्या गिअरात कन्व्हर्टरवरचा भार कमी होतो, पंप जास्त तेल फिरवतो, रेडिएटरचं पाणीही जोरात फिरतं.

लॉक लागलाय का हे आरपीएमच्या काट्यावर कळतं. वेग स्थिर असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबा. काटा जागच्या जागी राहिला किंवा वेगाबरोबरच सरकला, तर लॉक आहे. वेग तोच आणि काटा तीन-चारशेने वर गेला, तर सुटलाय. तो सुटलेल्या अवस्थेत मैलभर चढू नका. पाय हलका करा, नाहीतर एक गिअर खाली घ्या.

बेकरचा चढ फसवा आहे. गावात १३४ फुटी थर्मामीटर उभा आहे, तिथून हॅलोरन समिटपर्यंत सुमारे १७ मैलांत रस्ता हजाराच्या आतून ४,००० फुटांवर जातो. बोरघाटाच्या दीडपटीहून जास्त उंची, तीही जवळजवळ सरळ रेषेत, त्यामुळे घाट चढतोय असं वाटतच नाही आणि वेग कमी करावासा वाटत नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ५५ मैलांचीच आहे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ६५ ऐवजी ५५ धरलं तर ती जवळपास चाळीस टक्क्यांनी घटते. चढाच्या पायथ्याशीच तिसरा टाका, तापमान वाढायची वाट पाहू नका. ए.सी. बंद करा सांगणारी रस्त्यावरची पाटीही उगाच नाही: गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्याच रेडिएटरच्या टाकीत थंड होतं, आणि ए.सी.चा कंडेन्सर त्याच्या पुढेच गरम हवा सोडत असतो.

थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका. पंप थांबला की गरम तेल आहे तिथेच बसतं. न्यूट्रल, हँडब्रेक, १,२०० ते १,५०० आरपीएम, पाच-दहा मिनिटं. ब्रेक दाबून 'डी'मध्ये उभं राहणं सगळ्यात वाईट.

कॅम्पसाइटवर चढाकडे रिव्हर्स घेताना कन्व्हर्टरचा आकडा हायवेपेक्षाही वर जाऊ शकतो. वेग तीन मैल, लॉक नाही, समोरून वारा नाही. खडी किंवा माती असेल तर ४-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लावा, कन्व्हर्टरवरचा भार निम्म्याहून कमी होतो. डांबरावर वळताना मात्र लावू नका, अक्ष आवळले जातात.

आता कूलर. टॉर्च घेऊन ग्रिलच्या आत बघा. रेडिएटरपुढे दोन नळ्यांचा वेगळा छोटा कूलर दिसला, तर कंपनीनेच बसवलेला आहे आणि आणखी एकाची घाई नको. नसेल आणि गिअर बदलूनही पॅन २२० च्या वर राहत असेल, तर जरूर बसवा. थराथरांच्या प्लेटचा घ्या, नळी-पंखवाला स्वस्त असतो पण उष्णता कमी काढतो. जोडणीचा क्रम: गिअरबॉक्स, रेडिएटरची टाकी, मग नवा कूलर, मग परत गिअरबॉक्स. पाइप एटीएफसाठीच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बनवलेला हवा, पेट्रोलचा नाही. आणि तो गुळगुळीत धातूच्या नळीवर नुसता क्लॅम्प आवळून चढवू नका, टोकाला उठाव असलेलीच नळी हवी, नाहीतर दाबाने निसटतो आणि काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा. किटमधल्या प्लास्टिकच्या काड्या रेडिएटरच्या जाळीतून ओवायचा मोहही टाळा. हादऱ्यांनी घासून त्या भोक पाडतात, पत्र्याची पट्टी मारा.

कूलर आणि पाइपमध्ये अर्धा ते एक क्वार्ट (क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी) तेल जास्त बसतं. या गाडीला डिपस्टिक नाही, म्हणून पातळी ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, चेक प्लगमधून बघावी लागते. गरम गाडीवर बघितली तर तेल फुगलेलं असतं आणि कमी भरलं जातं.

एकदा पॅनमध्ये २४५ झालं असेल तर थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर टाका. लाल असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर तेल (टोयोटाचं डब्ल्यूएस) बदला. एका ड्रेनमध्ये तीनएक क्वार्टच निघतं, म्हणून मध्ये थोडं चालवून दोन-तीनदा करा. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरच्या टाकीतून पाणी शिरलंय, मग गाडी सुरूही न करता टो करून न्या.