बाबा गेले आणि आठवड्यात आईला ‘पॉलिसी’चा फोन

प्रश्न : बाबा जाऊन जेमतेम आठवडा झालाय. परवा आईला फोन आला, समोरच्याने बाबांचं पूर्ण नाव, गेल्याची तारीख, नोकरी सगळं बरोब्बर सांगितलं आणि म्हणाला साहेबांच्या जुन्या पॉलिसीचा शेवटचा हप्ता राहिलाय, आज संध्याकाळपर्यंत भरला नाही तर क्लेम बुडेल. मी पोचले तेव्हा आई चष्मा लावून एटीएम कार्डावरचे नंबर वाचून दाखवत होती. मी फोन कट केला तर माझ्यावरच चिडली, म्हणे बाबांनी आपल्यासाठी ठेवलेलं तू घालवतेस. काय करू?

उत्तर : ताई, आधी कार्ड ब्लॉक करा, अर्धेच नंबर सांगितले असले तरी. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, गुगलवर सापडलेला नको.

आणि आईवर रागावू नका. अशा दिवसांत कुणी आपल्या माणसाचं नाव आदराने घेतलं की जीव तिकडे ओढला जातो, हे लोक नेमकं तेच वापरतात. माहिती त्यांना आपल्याकडूनच मिळते, निधनाची बातमी, फेसबुक पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला मेसेज. त्यात जन्मतारीख, घरचा पत्ता असं काही असेल तर आजच काढून टाका. हल्ली तर ‘अंत्यविधी लाइव्ह बघा’ म्हणून खोट्या लिंक टाकून नातेवाइकांकडून कार्डाची माहिती काढतात, इतकी निर्दयी माणसं आहेत ही.

पॉलिसी खरी असेल आणि चालू असताना एखादा हप्ता राहिला असेल तर तो साधारणपणे क्लेमच्या रकमेतून कापतात, फोनवर आधी भरायला लावत नाहीत. उद्या कुणी म्हणेल बाबांनी माझ्याकडून उसने घेतले होते, तर लेखी मागा. लाजेखातर लोक देऊन टाकतात हो! गेलेल्याचं कर्ज बहुतेक ठिकाणी त्याने मागे ठेवलेल्यातून फिटतं, बायकोमुलांच्या खिशातून नाही, ती सहकर्जदार किंवा जामीन असतील तर गोष्ट वेगळी.

बाबांचं सिम लगेच बंद करू नका, खात्यांची कामं उरकेपर्यंत तो नंबर तुमच्याकडेच चालू राहू दे, नाहीतर पुढे तो दुसऱ्याला मिळतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख.

फोन काही महिने तुम्हीच घ्या. आईला एकच वाक्य शिकवा, ‘मुलगी बघते हे सगळं, तुमचा नंबर सांगा’. खरं ऑफिस उद्यापर्यंत थांबतं. आणि पैसे गेलेच असतील तर बँक आणि पोलिसांना लगेच कळवा, पण नंतर ‘फी भरा, बुडालेले पैसे मिळवून देतो’ असा फोन आला तर तीही फसवणूकच, पुष्कळदा त्याच टोळीची.

आता आईजवळ बसा, बाबांच्या कपाटातली फाइल दोघी मिळून काढा. पॉलिसी सापडली तर कागदावरच्या पत्त्यावर जाऊन विचारा, नाही सापडली तरी आईला स्वतः बघू दे. बाबांनी तिच्यासाठी काय ठेवलं होतं हे तिला कळायला हवंय, चिडली ती त्यामुळेच.